वाणात शिवणयंत्र

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या कुठल्याही लहान गावातल्या संग्रहालयात मला डोळ्यांवर पट्टी बांधून नेऊन सोडा. आत काय काय आहे ते मी पट्टी न सोडता सांगेन. खिडकीपाशी पायाने चालवायचं शिवणयंत्र. त्याच्यामागे आणखी दोन. लोणी घुसळायचं लाकडी पिंप, कपडे पिळायचं हातयंत्र, दंतवैद्याची खुर्ची, लोकर कातरायच्या कात्र्या, डोकं नसलेल्या पुतळ्याला घातलेला लग्नाचा पांढरा झगा, आणि काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं कोकरू. कोकरू नसेल तर त्या गावाने अजून संग्रहालय काढण्याची घाई करू नये.

हे ज्ञान मी मोटार चालवून मिळवलं आहे. आम्ही ख्राइस्टचर्चला राहतो. २०११च्या भूकंपानंतर आसपासच्या गावांतल्या संग्रहालयांची कपाटं आडवी झाली होती, खोकी एकमेकांत मिसळली होती, आणि ती नीट लावायला कोणीतरी हवं होतं. मी पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकलेली, इथे येऊन संग्रहालयाचा अभ्यासक्रम केलेला, आणि याद्या करणं हा माझा जन्मजात रोग. त्यामुळे २०१२ ते २०१९ मी ‘फिरती संग्रह-अधिकारी’ होते. डिकीत आम्लरहित कागद, टॅग, बारीक ब्रश, टॉर्च, आणि मधल्या वाटेवर जेवायला पोळीभाजीचा डबा.

काम काय ते सांगते, कारण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना अजूनही वाटतं की मी दिवसभर मूर्तींवरची धूळ झटकत असे. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो. तो वस्तूच्या तळाशी, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही अशा जागी, मुंगीच्या अक्षरात लिहायचा. वस्तू कोणी दिली, कशासाठी वापरली, आता कुठल्या फळीवर आहे, हे नोंदवायचं. लोकरी आणि कापडी वस्तू आत घेण्याआधी फ्रीजरमध्ये ठेवायच्या, म्हणजे कसर मरते. लहान संग्रहालयाला स्वतःचा फ्रीजर नसतो. तो बहुधा चहाच्या खोलीतला असतो. १९२०च्या सुमाराचा रेशमी झगा मी मटारच्या पाकिटाखालून काढला आहे, आणि ‘आइसक्रीम संपलं का?’ असं विचारणाऱ्या खजिनदाराला त्याच हाताने बाजूला सारलं आहे.

आणि वस्तू संग्रहातून वजाही करायच्या असतात. हे लोकांना माहीत नसतं, आणि कळलं की धक्का बसतो. पण विचार करा. म्हातारी आई जाते, घर विकायला निघतं, तिची खिमा करायची मशीन मुलीला घरात नको असते आणि टाकवतही नाही. मग ती संग्रहालयात येते. एक गृहस्थ आजोबांची कवळी घेऊन आले होते. आजोबांनी ती एकदाही लावली नाही, त्यामुळे अगदी नव्यासारखी आहे, असं त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. मी विचारलं, मग ती आजोबांच्या आयुष्याबद्दल काय सांगते? ते म्हणाले, आजोबा हट्टी होते. कवळीला क्रमांक मिळाला.

आता मुख्य गोष्ट. डनफोर्ड नावाच्या गावाची. (नाव बदललं आहे, कोकरावरून कोणी ओळखू शकणार नाही.)

डनफोर्डचं संग्रहालय जुन्या विटांच्या सभागृहात होतं. ते चालवत बेरिल आणि कॉलिन. दोघंही सत्तरीच्या पुढे. बेरिल अध्यक्षा: उंच, काटक, नवरा गेल्यावर तिने संग्रहालयाची किल्ली घेतली ती पुन्हा कोणाला दिली नाही. कॉलिन निवृत्त शेतकरी, थंडीतही अर्ध्या चड्डीत, आणि संग्रहालयातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूचा स्वयंनियुक्त पालक. भूकंपाच्या नव्या नियमांत ते सभागृह बसेना. काउन्सिलने इमारत बंद करायचं ठरवलं आणि त्याऐवजी मुख्य रस्त्यावरची एक बंद पडलेली डेअरी देऊ केली. इथे डेअरी म्हणजे दूधकेंद्र नव्हे, कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. एक खोली, मागे मोरीएवढी जागा, आणि मालकाने सोडून दिलेला काचेच्या झाकणाचा आइसक्रीमचा फ्रीजर.

अट एकच होती. सगळं त्या खोलीत बसलं पाहिजे, आणि चाकाची खुर्ची आत येऊन वळून बाहेर जाऊ शकली पाहिजे. वसंत ऋतूत काउन्सिलचा माणूस येऊन पाहणार. नाही बसलं तर संग्रह शहरातल्या गोदामात जाईल आणि डनफोर्डचं संग्रहालय बंद. बेरिलने ते पत्र माझ्यासमोर घडी करून चहाच्या किटलीखाली ठेवलं. म्हणाली, “गोदामात गेलेल्या वस्तूला कोणी भेटायला जात नाही, मेधा. माणसांचंही तसंच असतं.” मग स्कोन, म्हणजे इथला चहाबरोबरचा गोडसर पाव, पुढे केला.

म्हणून आम्ही वजाबाकीला बसलो. माओरी वस्तू मोजक्या होत्या, त्यांचं काय करायचं हे तिथल्या इवीच्या, म्हणजे जमातीच्या, वडीलधाऱ्यांशी बोलून आधीच ठरलं होतं. त्या त्यांच्याकडे परत गेल्या. तो भाग नीट, सन्मानाने पार पडला. अडलं ते शिवणयंत्रांवर.

मी विचारलं, एक ठेवून बाकीची देऊन टाकली तर? कॉलिन मला यंत्रांच्या रांगेतून घेऊन गेला. हे शाळेतल्या बाईंचं. हे पाद्र्याच्या बायकोचं. हे पुरात वाहून जाऊन पुन्हा सापडलेलं. शेवटचं, कोपऱ्यातलं, काळ्या रंगाचे पोपडे उडालेलं.

“हे कोणाचं?”

“कोणाला माहीत नाही.”

“मग हे तरी वजा करू या.”

कॉलिनने माझ्याकडे, मी अनाथाश्रम पाडायला आले आहे अशा नजरेने पाहिलं. “त्याचं तर कोणीच नाही,” तो म्हणाला. “त्याला कसं काढणार?”

कागदोपत्री मी सगळं केलं. दात्यांच्या घरी पत्रं गेली, दुसऱ्या संग्रहालयांना विचारून झालं, शाळेला विचारलं, समितीचे ठराव झाले. वजा करायच्या प्रत्येक वस्तूच्या तळच्या क्रमांकावर मी नियमाप्रमाणे एक बारीक आडवी रेघ मारली. माझ्या याद्या पूर्ण झाल्या. फक्त वस्तू दाराबाहेर जाईनात. मी सोमवारी दाराशी नेऊन ठेवलेलं पिंप पुढच्या सोमवारी आत असे. कॉलिन म्हणे, पाऊस येईल असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून चार-सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा शिरीष बांधकामाच्या साइटवर, मुलगी ईशा मित्रमैत्रिणींत. घरात आईंना बोलायला भिंतीच उरत. म्हणून मी त्यांना डनफोर्डला बरोबर नेऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी एका यंत्राच्या चाकाला हात घातला. मी ओरडले, “आई, हात नका लावू!”

“का गं? चावतं?”

“जुनं आहे ते.”

“माझ्यापेक्षा लहान असेल.” त्यांनी रांगेकडे पाहिलं. “एवढी यंत्रं आणि गावात एकाच्या सदऱ्याला बटण नाही.” कॉलिन तेव्हा पोटापाशी सेफ्टी पिन लावून उभा होता. मी भाषांतर केलं नाही.

बेरिल आणि आईंचं मात्र जमलं. एकमेकींची भाषा येत नसताना दोघी तासभर स्कोन कसे फुगतात यावर बोलत बसत. त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईंनी बेरिलला बोलावलं.

इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते. थंडीत ऊब राहावी म्हणून काळी साडी नेसायची तो सण, आणि आम्ही काळ्या साड्यांत घामाने निथळत, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बागेत बार्बेक्यूच्या शेजारी तिळगूळ वाटतो. बेरिल काळ्या पोशाखात आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की काळं घालायचं असतं, आणि तिच्याकडे काळा एकच पोशाख होता, अंत्ययात्रेचा, टोपीसकट.

मंडळातल्या एका बाईंनी माझ्या कानाशी लागून विचारलं, यांचे मिस्टर नाहीत ना, मग कुंकू? आईंना ऐकू गेलं. “माझेही नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि वाटी माझ्या हातात आहे.” त्यांनी बेरिलला एवढं ठसठशीत कुंकू लावलं की ते तिला घरी जाईपर्यंत पुरलं. वाण म्हणून त्या वर्षी आमच्याकडे चहाची गाळणी होती. लाल प्लॅस्टिकची दांडी.

बेरिलने गाळणी उलटसुलट करून पाहिली. ती म्हणाली, सण तुमचा, घर तुमचं, मग भेट मला का? मी आईंना विचारलं. आई म्हणाल्या, “तिला सांग, हे लुटायचं असतं. घरातलं वाटलं म्हणजे घर भरलेलं राहतं. घेणाऱ्याने नको म्हणायचं नाही. आणि देणाऱ्याने, तू त्याचं काय करणार, असं विचारायचं नाही.”

मी हे इंग्रजीत सांगितलं. बेरिलने गाळणी पर्समध्ये ठेवली. टोपी नीट केली आणि म्हणाली, “नको म्हणायचं नाही?”

“नाही.”

“कोणीच?”

“कोणीच.”

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. आवाजात अध्यक्षपद होतं. तुझ्या सासूबाई मोकळ्या आहेत का, आणि ती लाल पूड किती आणता येईल?

फेकणं डनफोर्डकरांना जमत नव्हतं. विकणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. पण घरी आलेल्या पाहुणीला चहा पाजून हातात काहीतरी देणं, यात गैर काय? हे तर त्यांच्या आज्याही करत. रथसप्तमी नुकतीच उलटली होती. आईंनी निर्णय दिला, “परदेशात चालतं.”

त्या शनिवारी सभागृहाबाहेर रांग लागली. दारात आई, हातात हळदीकुंकवाची वाटी. आत बेरिल, अंत्ययात्रेच्या टोपीत, वाण देणारी. गमबूट घातलेल्या बायका कपाळ पुढे करून आत जात होत्या आणि कपडे पिळायचं यंत्र कडेवर घेऊन बाहेर येत होत्या. एक तरुण बाई बाबागाडीत दोन इस्त्र्या आणि कडेवर बाळ अशी निघाली. पुरुषांचं काय करायचं हा प्रश्न आला, कारण कॉलिन रांगेत उभा राहिला होता. आई म्हणाल्या, पुरुषांना हळदीकुंकू नाही. मी ते सांगितल्यावर कॉलिनचा चेहरा इतका पडला की आईंनी त्याला उभा गंध लावला. मग सगळ्याच शेतकऱ्यांना उभे गंध हवे झाले. दुपारपर्यंत डनफोर्डच्या पबमध्ये वारकरी बसल्यासारखे दिसत होते.

काउन्सिलचा ग्रँट, म्हणजे पुढे खोली पाहायला येणार तोच माणूस, काय चाललं आहे ते बघायला सहज डोकावला. हसरा, नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र. आईंनी त्याला गंध लावला. बेरिलने त्याच्या हातात लोणी घुसळायचं पिंप दिलं. तो म्हणाला, छे छे, मला कशाला. रांगेतल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, नको म्हणायचं नाही. ग्रँटने पिंप उचललं. “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे एकदम झकास, तो म्हणाला, पण चेहरा तसा नव्हता.

संध्याकाळी सभागृह मोकळं झालं. कॉलिनने कोणाचंच नसलेलं यंत्र मात्र आपल्या ट्रकमध्ये चढवलं होतं. ते मी वाण म्हणून घेतलं, म्हणाला. मी यादीत खूण केली. आयुष्यात एवढ्या खुणा एका दिवसात मी कधी केल्या नव्हत्या.

थंडी सुरू होण्याआधी संग्रहालय डेअरीत हललं. प्रत्येक प्रकारची एकच वस्तू, तिची गोष्ट, आणि मधे भरपूर जागा. फ्रीजर चालू होता, म्हणून तो कसर मारायला ठेवला. शाळेतून परतणारी पोरं जुन्या सवयीने काचेवर नाक लावत आणि आत आइसक्रीमऐवजी एक झगा गोठलेला बघून गप्प होऊन जात. त्या पोरांमुळे आमची प्रेक्षकसंख्या एकदम वाढली. जुनी विटांची इमारत पाडली त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गावात काम काढलं. बेरिल गेली होती. एक वीट घेऊन आली. मी तिला क्रमांक दिला.

मग एक दिवस शेजारच्या गावच्या संग्रहालयातून फोन आला. फार आनंदात होते. तेही माझ्याच हद्दीत. म्हणाले, काय सुंदर शिवणयंत्र भेट आलंय, ताबडतोब नोंद करायला ये. मी गेले, यंत्र उलटं केलं. तळाला माझ्या मुंगीच्या अक्षरातला डनफोर्डचा क्रमांक, आणि त्यावर माझीच आडवी रेघ.

पुढच्या आठवड्यात आणखी एका गावातून इस्त्री. मग कात्र्या. माझ्या हद्दीतल्या सगळ्या संग्रहालयांत डनफोर्डचं वाण एकेक करून पोचत होतं, आणि त्या सगळ्यांची गर्दी कमी करून देणं हेही माझंच काम होतं. नुसतं तेवढ्यावर भागलं नाही. डनफोर्डचा प्रयोग ऐकून एका गावाने स्वतःच चहापान ठेवून वस्तू वाटल्या होत्या, आणि तिथे चहाला गेलेले डनफोर्डकर हात भरून परतले होते. घरी आल्यावर प्रत्येकाला वाटलं, हे खरं तर संग्रहालयात हवं. सकाळी बेरिल डेअरी उघडायला जाई तेव्हा पायरीवर खोकी असत. चिठ्ठी असे: ‘ही तुमच्याकडेच शोभेल.’ तपासणी जवळ आली तेव्हा खोलीत जुन्या सभागृहातल्यापेक्षा एक शिवणयंत्र जास्त होतं.

आई तोवर पुण्याला परतल्या होत्या. मी व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की फोन पडला आणि मला बराच वेळ त्यांच्या घरचा पंखा दिसत राहिला.

“अगं, हे ब्लाउजपीस आहे,” त्या परत चित्रात येऊन म्हणाल्या. “ओटीत आलेला ब्लाउजपीस कोणी शिवतं का? तो पुढे सरकवायचा असतो. मी एकदा एका पिवळ्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवली होती. दोन वर्षांनी माझ्याच नणंदेने तो माझ्या ओटीत घातला. गाठीसकट.”

“आई, इथे या लोकांचं संग्रहालय बंद होईल.”

त्या गंभीर झाल्या. “बेरिलचं?”

“हो.”

“मग ऐक. घरात आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हे तर खरं ना? मग जो एक आणेल त्याला दोन द्या. बघ येतो का पुन्हा.”

मी बेरिलला हे कळवलं. तिने त्याच दिवशी दारावर पाटी लावली: ‘एक आणाल तर दोन न्याल. नको म्हणायचं नाही.’ पायरीवरची खोकी थांबली. गावात लोक डेअरीसमोरून जाताना हातातली पिशवी दुसऱ्या बाजूला घेऊ लागले. पण आत होतं ते आतच होतं, आणि तपासणी उद्यावर आली होती.

ग्रँट टेप घेऊन आला. बरोबर रिकामी चाकाची खुर्ची. मी, बेरिल आणि कॉलिन भिंतीला टेकून उभे. भिंतीला टेकण्यापलीकडे जागाच नव्हती. त्याने खुर्ची आत ढकलली. ती शिवणयंत्रांपर्यंत गेली, वळायला लागली आणि दंतवैद्याच्या खुर्चीला अडली. पुन्हा प्रयत्न केला. दोन खुर्च्या एकमेकींत गुंतून उभ्या राहिल्या, जशा लग्नात दोन विहिणी दारात अडतात.

ग्रँट हळू आवाजात म्हणाला की त्याला फार वाईट वाटतंय, पण हे बसत नाही. बेरिलने मान हलवली. किल्ली खिशातून काढून तिने हातात धरली, आणि ती किल्लीकडे बघत राहिली.

ग्रँट टेप गुंडाळत राहिला. खूप वेळ. मग घसा खाकरून म्हणाला की, त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही, वेगळीच गोष्ट आहे, पण त्याच्या गाडीत ते पिंप आहे. बायकोने त्यात छत्र्या ठेवून पाहिल्या, छत्र्यांना वास लागला. कुत्रं त्याला घाबरतं. बायको म्हणाली आहे की आज ते परत आणलंस तर तू बाहेर. आता ते इथे ठेवता येईल का?

कॉलिनने हळूच दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

बेरिलने किल्ली मुठीत बंद केली. “तू म्हणालास तसं, ग्रँट, जागा नाही,” ती म्हणाली. “जागा नाही म्हणून नियम आहे. पिंप आण, आणि जाताना दोन शिवणयंत्रं ने.”

“दोन?”

“जागा असती तर नियम लागला नसता.”

फ्रीजर घरघरत होता. ग्रँटने यंत्रांकडे पाहिलं, मग खिडकीतून आपल्या गाडीकडे, बहुधा गाडीतून पुढे आपल्या घराकडे. मग त्याने ओळखपत्र गळ्यातून काढून कोकराच्या पेटीवर ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि दंतवैद्याच्या खुर्चीला खांदा लावला.

ती खुर्ची बिडाची. थंडीआधी ती आत आणायला रग्बीच्या संघातली चौघं लागली होती. त्याने ती एकट्याने भिंतीपर्यंत नेली. यंत्रं एकावर एक नव्हे, एकामागे एक उभी लावायची, टेबलं दुमडायची, हे त्याला सुचलं. मला वर्षभर सुचलं नव्हतं, हे मान्य करते. झगा पुतळ्यासकट खिडकीत गेला. कोकरू फ्रीजरच्या वर. चाकाची खुर्ची आत आली, ऐटीत वळली, बाहेर गेली. कॉलिन स्वतः तिच्यात बसून दोनदा फिरून आला आणि तिसऱ्यांदा बेरिलने त्याला उतरवलं. मग ग्रँटने शेवटी, खोलीच्या एका मोकळ्या कोपऱ्यात, पिंप आणून ठेवलं. नियमाप्रमाणे मोजमाप पुन्हा केलं. बसत होतं. त्याने कागदावर सही केली आणि बायकोला मेसेज केला. कोणतं काम आधी केलं ते मी सांगणार नाही.

बेरिलने किल्ली खिशात टाकली आणि चहा ठेवला. लाल दांडीच्या गाळणीने गाळला.

डनफोर्डचं संग्रहालय अजून चालू आहे. बेरिल हल्ली काठी घेऊन येते, पण किल्ली तिच्याकडेच. जाल तर हातात काही नेऊ नका. २०१९मध्ये मी हे काम सोडून इथल्या शहरातल्या ग्रंथालयात आले, फिरणं गुडघ्यांना झेपेना म्हणून. शेवटच्या दिवशी डेअरीत चहा होता. बेरिलने भाषण केलं, छोटं. मग कॉलिन बाहेर जाऊन ट्रकमधून काहीतरी घेऊन आला, वर चादर टाकलेली. चादरीखालून काळ्या रंगाचे पोपडे दिसत होते.

मी तोंड उघडलं. सगळी खोली माझ्याकडे पाहत होती, ग्रँटसकट.

“स्वीट अ‍ॅज,” मी म्हणाले.

ते डिकीत चढवताना कॉलिनने चाक एकदा बाहीने पुसलं. “कोणी विचारलं तर आता सांगता येईल,” तो म्हणाला. “मेधाचं आहे म्हणून.”

ते आमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी आहे. शिरीषचा गुडघा त्यावर आठवड्यातून एकदा आपटतो. ईशा म्हणते, “Mum, all we need now is the lamb.” दर जानेवारीत मी हळदीकुंकवाची यादी करते. तिळगूळ, फुलं, हरभरे, बोलवायच्या बायका. ‘वाण’ या शब्दापुढे आधी लिहिते, शिवणयंत्र, एक. मग बायका येतात, ते बघतात, एखादी म्हणतेही, किती छान आहे हो हे. आणि मी तिच्या हातात गाळणी ठेवते, आणि ती ओळ पुढच्या वर्षीच्या यादीत उतरवते.